वॉटर पार्कात बिअर काउंटर ठेवावा का?

बार्देसकर: म्हापशाजवळच्या कौटुंबिक वॉटर पार्कात मालकांना बिअर ठेवायची आहे. पोरासोरांच्या गर्दीत सांभाळायचं कसं?

फोंडेकर: अबकारी परवाना ज्या जागेचा, तिथेच विक्री. म्हणून काउंटर रेस्टॉरंटच्या आत, स्लाइडपासून लांब ठेवा. गोव्यात वय २१. गेटवर ओळखपत्र बघून कागदी पट्टा मनगटावर चिकटवा. रबरी नको, तो काढून हळूच भाच्याला दिला जातो.

साखळीकर: काच तर नकोच नको! पाण्यात फुटली की दिसत नाही, अख्खा पूल उपसावा लागतो. कॅन काउंटरवरच फोडून कपात ओता.

फोंडेकर: ३३० मिली, ५ टक्के बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल, जिरायला तास-दीड तास सहज. म्हणून बिअर देताना पट्ट्याला पंचने भोक पाडा. भोक दिसलं की जिन्यावरच्या माणसाने स्लाइडवर सोडायचंच नाही, कितीही हुज्जत घालू दे. पोरांवर लक्ष ठेवणारा एक मोठा तरी बिनभोकाचा हवा.

बार्देसकर: डिस्नेलँडमध्ये मिळते ना?

साखळीकर: कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५चं, सर्वसामान्यांसाठी दारू आली २०१९ मध्ये, तीही सुरुवातीला एकाच बारमध्ये. माझं मत विचाराल तर, आधी वर्षभर सोलकढीच विका.