सातवीनंतर गावातलं मराठी हायस्कूल की शहरातलं इंग्रजी?

येळ्ळूर रोड (धागाकर्ते)

पालकांच्या गटात कालपासून एक पोस्ट फिरतेय: ‘सीमाभागात सातवीनंतर पोराला गावच्या मराठी हायस्कूलला घातलं की वाटोळं झालंच समजा. कर्ज काढा, पण बेळगावात इंग्रजीला घाला.’ खाली सगळे ‘अगदी बरोबर’ म्हणून मोकळे. ॲडमिशनच्या ऐन तोंडावर असलं लिहून लोकांना कर्जात ढकलणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माध्यम आणि प्रथम भाषा ह्या दोन वेगळ्या निवडी आहेत. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकाची दहावी, ६२५ गुणांची. प्रथम भाषा १२५, बाकीचे पाच विषय शंभर-शंभर. माध्यमाचा संबंध फक्त गणित, विज्ञान आणि समाज विज्ञान ह्या तिघांशी. इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक शाळांत इंग्रजी पहिली, कन्नड दुसरी, हिंदी तिसरी, म्हणजे मराठी मार्क्सकार्डावर कुठंच नाही. इंग्रजी माध्यम घेऊनही प्रथम भाषा मराठी ठेवता येते, पण त्यासाठी शाळेत मराठीचा शिक्षक लागतो. फी विचारायच्या आधी हे विचारा.

गेटावरच्या ‘१०० टक्के निकाल’ ह्या बोर्डावर तर अजिबात जाऊ नका. २०२३ ला राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ ला परीक्षा केंद्रांत वेबकास्टिंग आलं आणि पहिल्या परीक्षेचा निकाल ७३.४० वर आला, तोही त्या वर्षी ग्रेस गुण वाढवून दिले असताना. तेव्हा २०२४ च्या आधीचे बोर्ड विसरा. आठवीत किती मुलं होती, त्यातली किती दहावीला बसली, आणि परीक्षा १ मध्येच, म्हणजे वर्षातल्या पहिल्याच परीक्षेत, किती पास झाली, एवढं विचारा. कच्च्या मुलाच्या हातात नववीतच दाखला ठेवला की निकाल शंभर टक्के लागतोच. गुणही शंभरातले बघू नका. त्यातले २० शाळेच्या हातात असतात. गणित-विज्ञानात लेखी ८० पैकी किती पडले, ते बघा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पीसीएमच्या (भौतिक, रसायन, गणित) आणि सीबीझेडच्या (रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र) शिक्षकांची पदं भरलेली आहेत का? आपल्याकडची बरीचशी मराठी हायस्कूलं संस्थांची, अनुदानित आहेत. शिक्षक निवृत्त झाला की ती जागा भरायला सरकारची परवानगी लागते, आणि ती लवकर येत नाही. मग समाज विज्ञानाचे सर गणित शिकवतात. गावातल्या शाळेत पीसीएमचा कायम शिक्षक असेल आणि शहरातल्या इंग्रजी शाळेत दरवर्षी नवा माणूस येत असेल, तर गावातली शाळा चांगली. माध्यम कुठलंही असू दे.

बॉक्साईट रोड

दादा, तुम्ही दहावीपर्यंतचा हिशेब मांडलात. पोरगं दहावीला थांबत नाही. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतच शिकवतात. केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. नीट मराठीत आहे म्हणून लोक खूश होतात, पण मराठी पेपर फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो, बेळगावचं केंद्र घेतलं की नाही. मग तीन वर्षं मराठीत विज्ञान शिकून जूनमध्ये सगळं नव्यानं शिकायचं, ते कशासाठी? अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्सला नापास झालेली मुलं हुशार नव्हती असं नाही. त्यांना प्रश्नच कळत नव्हता.

आणखी एक. कन्नड भाषा कलिका कायदा २०१५ चा. कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते. मराठी शाळेत मराठी पहिली, कन्नड दुसरी झाली की इंग्रजी तिसरी होते. तिसऱ्या भाषेचं इंग्रजीचं पुस्तक वेगळं, पातळीही खालची. म्हणजे ज्या मुलाला पुढं इंग्रजीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात पातळ इंग्रजी. ह्यावर धागाकर्त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही.

गणित शिकवते

बॉक्साईट रोड, तिसऱ्या भाषेचा मुद्दा खरा आहे. बाकीचा अर्धाच खरा.

आपल्या राज्यात दहावीचं गणित आणि विज्ञान एनसीईआरटीचं आहे. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत धडे तेच, आकृत्या त्याच, उदाहरणांचे क्रमांकही तेच. पाठ्यपुस्तक संघाच्या साइटवर दोन्ही पीडीएफ फुकट आहेत. त्यामुळं मराठी माध्यमातल्या मुलाची तयारी अशी करून घेता येते. आठवीत फक्त व्याख्या आणि आकृतीतली नावं दोन्ही भाषांत लिहायची, एका धड्याला वहीचं एक पान पुरतं. नववीत गणितं इंग्रजी पुस्तकातून सोडवायची. आकडे तेच असल्यामुळं मूल अडत नाही. दहावीत प्रकाश, विद्युत, रासायनिक अभिक्रिया आणि आनुवंशिकता हे धडे इंग्रजीतून एकदा वाचून काढायचे, कारण पीयूसीत तेच पुढं वाढतात. परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत जे आठवडे मिळतात, त्यात क्रॅश कोर्स नको. इंग्रजीत प्रश्न वाचून त्यात काय दिलंय आणि काय काढायचंय, एवढं लिहायचा सराव पुरे.

ह्यात चूक कुठं होते? पालक हे दहावीनंतर सुरू करतात. तोवर उशीर झालेला असतो.

आणि इंग्रजी शाळांचंही सांगते. कित्येक शाळांत शिक्षक समजावतात मराठीत, कन्नडमध्ये, आणि वहीत उतरवून देतात इंग्रजी उत्तर. मूल ते पाठ करतं. प्रश्न थोडा फिरवून आला की कोरं पान. नववीच्या मुलाची विज्ञानाची वही मागून बघा. सगळ्या मुलांच्या वहीत उत्तर शब्दाला शब्द सारखं असेल, तर तिथं इंग्रजी माध्यम नाही, इंग्रजी पाठांतर आहे.

जांबोटी खोरं

तुम्ही सगळे बेळगावच्या आसपासचे. कणकुंबी, जांबोटी भागात निवड असते कुठं? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळा राहिली. इथं शाळा एसटी ठरवते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना बस फुकट आहे, चांगलंच आहे, पण गाडीच दोन वेळा येत असेल तर फुकट तिकिटाचं काय करायचं? दहावीचे जादा तास संध्याकाळी घेतात आणि शेवटची गाडी त्याच्या आधी निघून जाते. मग मुली जादा तासाला बसत नाहीत, आणि निकाल आला की म्हणायचं मुलींचं लक्ष नाही. कुठल्याही मुख्याध्यापकांना आधी विचारा, जादा तास सकाळी घेता की संध्याकाळी? सकाळी घेत असतील तरच मुलीचं नाव घाला.

शिनोळी फाटा

एवढा खल कशाला? शिनोळी, तुडये, चंदगड जवळ आहे. निपाणीवाल्यांना कागल. तिकडं मराठीत शिक्षण, कन्नडची सक्ती नाही, आणि महाराष्ट्र बोर्डात सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरतात, टक्का वाढतो. दहावी तिकडून करा आणि मोकळे व्हा.

सीईटीचा हिशेब

शिनोळी फाटा, थांबा. लोक तुमचं वाचून दाखला काढतील. त्याआधी काय जातं ते नीट सांगायला पाहिजे.

केसीईटीत १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे. अट अशी की पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं, कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेलं पाहिजे. महानगरपालिका, नगरपालिका, नगर पंचायत ह्यांच्या हद्दीतली शाळा चालत नाही. प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि बीईओंची (गटशिक्षणाधिकारी) प्रतिस्वाक्षरी लागते. आठवीला पोरगं महाराष्ट्रात गेलं की हे आरक्षण गेलं. आठवीला बेळगाव शहरात आणलं तरीही गेलं. खानापूर गावातल्या शाळेत घातलं तरीही गेलं, कारण तिथं नगर पंचायत आहे. सात वर्षं खेड्यातल्या शाळेत काढून शेवटच्या तीन वर्षांसाठी हक्क घालवणारे पालक दरवर्षी असतात, आणि बीईओ ऑफिसात गेल्यावर त्यांना कळतं.

सर्वसाधारण पात्रता मात्र जात नाही, तेही सांगतो. इयत्ता पहिलीपासून दुसऱ्या पीयूसीपर्यंत (बारावी) किमान सात वर्षं कर्नाटकात झालेली पाहिजेत आणि दहावी किंवा दुसरी पीयूसी इथून पास पाहिजे. सातवीपर्यंत इथं, तीन वर्षं तिकडं, पीयूसी परत इथं, असं चालतं. पण दहावी-बारावी दोन्ही तिकडं केली की केसीईटीचं दार बंद.

शिनोळी फाटा

आणि महाराष्ट्राचं दार उघडं आहे ते का लिहीत नाही? वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा ‘टाइप ई’ आहे. तुम्हाला फक्त बेंगळुरूचं दिसतंय. कन्नड माध्यमाला केसीईटीत ५ टक्के आहेत, मराठी माध्यमाला शून्य. हा अन्याय नाही? १९५६ पासून हेच चाललंय, आणि आपलेच लोक आपल्याला त्यांचे नियम शिकवायलेत!

सीईटीचा हिशेब

नियम सांगितले म्हणजे मी त्यांच्या बाजूचा झालो? मराठी माध्यमाला काही नाही, हा अन्यायच आहे, मी कधी नाही म्हटलं? पण सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि पोराची आठवी मेअखेरीला सुरू होतेय. निकाल लागेपर्यंत पोरगं थांबवून ठेवायचं का?

‘टाइप ई’ आहे, मान्य. पण तो इथून दहावी केलेल्यालाही मिळतो. सीमाभागातला रहिवास आणि मातृभाषा मराठी, ह्याचे दाखले लागतात. म्हणजे त्यासाठी शिनोळीला जायची गरजच नाही. गावातच दहावी केली तर १५ टक्के ग्रामीणही राहतं आणि ‘टाइप ई’ही राहतो. दोन्ही हातात असताना एक सोडायला का सांगता?

निपाणी वेस

इथं मी सीईटीवाल्यांच्या बाजूनं. आमच्याकडून कागलला जाणारी मुलं पुष्कळ आहेत. आंतरराज्य दाखल्यावर प्रतिस्वाक्षरी घेण्यात, आधार आणि सॅट्समधल्या (कर्नाटकाची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) नावाचा मेळ घालण्यात पहिला महिना जातो. आपल्याकडं शाळा मेअखेरीला सुरू होतात, तिकडं जूनच्या मध्यात. इथं दसऱ्याची सुट्टी मोठी, तिथं दिवाळीची. घरात दोन मुलं दोन राज्यांत असली की आईबापाच्या कामाचे हाल होतात.

पण शिनोळी फाटा यांचा राग समजून घ्या. घटनेच्या ३५०अ मध्ये मातृभाषेतल्या शिक्षणाची सोय प्राथमिकपुरतीच सांगितलीय. आठवीपासून आपल्याला कुठलाच आधार नाही. म्हणून सातवीनंतरच गळती लागते.

बॉक्साईट रोड

सगळे हक्काबद्दल बोलताय, नोकरीबद्दल कुणी नाही. केपीएससीच्या (कर्नाटक लोकसेवा आयोग) बऱ्याच परीक्षांत अनिवार्य कन्नडला १५० पैकी ५० लागतात. पोलीस, ग्रामपंचायत, वीज खातं, सगळीकडं कन्नड. कन्नडपासून पळून शिनोळीला जायचं आणि नंतर सरकारी नोकरीत मराठी पोरं नाहीत म्हणून मोर्चा काढायचा, हे जुळत नाही.

शिनोळी फाटा

‘पळून’ हा शब्द मागं घ्या. आपल्या भाषेत शिकायला जाणं म्हणजे पळणं नव्हे. सक्ती लादणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, आणि जाणाऱ्याला पळपुटा म्हणता?

गणित शिकवते

दोघांनीही जरा दमानं घ्या. कन्नडचं व्यवहारी बोलू. मराठी हायस्कूलात कन्नड शिकवायला कन्नड मातृभाषेचे शिक्षक आहेत का, आणि ते आठवीपासून वाचून घेतात का, हे बघावं लागतं. खानापूरच्या पश्चिमेकडं मुलांच्या कानावर कन्नड पडतच नाही. तिथं नुसतं प्रश्नोत्तर पाठ करून ८० पैकी काठावर पास होता येतं, पण दहावीनंतर एक वाक्य बोलता येत नाही. निपाणी-चिकोडीकडं, बेळगावच्या पूर्वेकडं हा त्रास कमी. तेव्हा ‘सीमाभाग’ म्हणून सगळ्यांना एकच सल्ला देऊ नका.

येळ्ळूर रोड (धागाकर्ते)

बॉक्साईट रोड, तिसऱ्या भाषेचं तुमचं म्हणणं मूळ लेखात यायला हवं होतं. दुसरी भाषा कुठली आणि तिसरी कुठली, हे आठवीच्या ॲडमिशनला लेखी विचारा. पण ‘इंग्रजीलाच घाला’ हे मला अजून पटलेलं नाही. आदर्श विद्यालयात इंग्रजी माध्यम आहे, सरकारी आहे, पण प्रवेश सहावीला, पाचवीतल्या मुलांची परीक्षा घेऊन. सातवीनंतर ते दार बंद असतं. म्हणजे तुमच्या सल्ल्यातून उरतं फक्त फीवालं खासगी.

बॉक्साईट रोड

पीसीएमचा कायम शिक्षक असेल, आणि गणिताच्या बाई सांगतात तशी तयारी नववीपासून कुणी खरंच करून घेणार असेल, तर गावातलं मराठी हायस्कूल चालेल, एवढं मानतो. ही तयारी घरी कोण घेणार, ते सांगा. बाप सेंट्रिंगच्या कामावर, आई भातात. ज्याच्या घरी वही बघणारं कुणी नाही, त्यानं काय करायचं?

गणित शिकवते

शाळेनंच घ्यायची. एसडीएमसीत (शाळा विकास समिती) किंवा पालक सभेत ठराव घाला. आठवड्याला दोन तास, नववी आणि दहावी एकत्र, इंग्रजी पुस्तकातून गणित. पैसा लागत नाही, पीडीएफच्या झेरॉक्स लागतात. मुख्याध्यापक तयार नसतील तर ते ॲडमिशनच्या आधीच कळेल.

जांबोटी खोरं

बाई, ते दोन तास सकाळी ठेवायला सांगा.