कॅसेट बदलणं म्हणजे लाड? मग यवतेश्वरच्या चढाला भेटू

घाटातला_गडी
काल आपल्या या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एका महाशयांनी लिहिलंय, नाव घेत नाही, ज्याला लागायचं त्याला लागेल. ‘चढाला गिअर संपतात त्यांनी कॅसेट नाही, मांड्या बदलाव्यात. ३४ दात्यांची कॅसेट म्हणजे म्हाताऱ्यांचे लाड. शंभर किलो खांद्यावर घेऊन स्क्वॉट मारा आणि मगच घाटात या.’ (नवख्यांसाठी: कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा. तिथली चकती जितक्या जास्त दात्यांची, तितकं पेडल हलकं.) आणि खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. कंटाळा येईल त्यानं सरळ खाली जाऊन भांडण सुरू करावं, तसंही तेच करणार आहात.

नव्या पोराची पहिली रोड बाईक आठवा. पुढं ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागं ११ ते २८ दात्यांची कॅसेट. बऱ्याच दुकानांत अशीच गळ्यात मारतात. साताऱ्यातलं समर्थ मंदिर सोडून कासच्या रस्त्यावरच्या यवतेश्वर घाटाच्या वळणांना लागला की पोरगं पुढं ३४, मागं २८ वर येतं आणि मग अंगठ्यानं गिअरची लिव्हर दाबतच राहतं, अजून एखादा गिअर शिल्लक असेल या आशेनं. चाकाचा घेर २.१ मीटर धरा. पेडलच्या एका फेऱ्याला सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढं जाते. चढावर वेग ताशी ८ किलोमीटर, म्हणजे कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) आली ५२. मागं ३४ दाते असते तर त्याच वेगाला ६३ आली असती. वेग तोच, घाम तोच, पण दर पेडलला लागणारा जोर १८ टक्क्यांनी कमी.

आता मांड्यांचं बघू. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, चढ ८ टक्के, वेग तोच. साधारण १६० वॅट लागतात. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) ५२ च्या कॅडन्सला सरासरी जोर निघतो सतरा-अठरा किलो, फेऱ्यातल्या सगळ्यात जड जागी दुप्पट धरा. जिना चढताना आपण एका पायावर अख्खं अंग उचलतो. मग ताकद कुणाकडं कमी आहे? कमी पडतो तो दम. तो शंभर किलोच्या स्क्वॉटनं येत नाही.

माझा चुलतभाऊ असंच कुणाचं तरी ऐकून अख्खा पावसाळा जड गिअर ओढत कासला जायचा, ‘पाय बनतात’ म्हणून. दिवाळीत पोरांबरोबर किल्ला करायला बसला तर उठता येईना. गुडघ्याच्या वाटीमागं चमक. आता सायकल गच्चीवर आहे, तिच्यावर वाळवण घालतात.

लोखंडी_पाय
नाव घ्यायचं होतंस की, घाबरतोस कशाला? मीच लिहिलंय आणि एक शब्द मागं घेणार नाही.

तुझं गणित बरोबर आहे, पण ते घाटाच्या पायथ्याचं. दोन तास पाय मारून झाल्यावर तेच सतरा किलो सतरा वाटत नाहीत. नॉर्वेचा रॉनेस्टॅड नावाचा संशोधक आहे, त्याचं २०११ चं काम वाच. आधीच तयार असलेले सायकलपटू घेतले. काहींना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा जड वजनाचा व्यायाम दिला, हाफ स्क्वॉट, एका पायाचं लेग प्रेस (मशीनवर पायानं वजन ढकलणं) वगैरे. मग १८५ मिनिटं सायकल मारायला लावून शेवटी ५ मिनिटं जीव खाऊन. वजन उचलणारे त्या ५ मिनिटांत सुधारले. आता सांग दम आणि ताकद वेगळे कसे.

आणि आज ३४, उद्या ३६, परवा ४०. मग बॅटरीच बसव ना.

घाटातला_गडी
@लोखंडी_पाय त्या पोरांनी वजनाबरोबर सायकलिंगही चालूच ठेवलं होतं, तेवढं सोयीस्कर गाळलंस. आणि त्यांना कुणी ३४-२८ वर यवतेश्वर चढवलं नव्हतं.

तालमीतला_अण्णा
पोरांनो, भांडू नका. लेग प्रेस काय आणि कॅसेट काय, दोन्ही विकत घ्यायच्या गोष्टी. बैठका फुकट आहेत. पहाटे उठून दोनशे बैठका मारा, दोन महिन्यांनी मला सांगा. आमच्या वेळी दूधवाले डबल बारच्या सायकलीला कॅन लावून परळीकडनं साताऱ्यात यायचे. त्यांना कुठला गिअर होता?

फिजिओ_ताई
अण्णा, रागावू नका, पण परळीकडनं साताऱ्याला दूध आणताना चढ किती लागायचा आणि उतरून किती ढकलायचे, ते त्या दूधवाल्यांनाच विचारा. ढकलताना मी स्वतः पाहिलेत.

बैठकीत टाचा उचलतात आणि गुडघा बोटांच्या पुढं जातो. तरण्या पोराला सवयीनं झेपतं. पंचेचाळिशीच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसानं एकदम दोनशे मारल्या की तो आठवड्याभरात माझ्याकडंच येतो. माझा धंदा चालतो, माझी तक्रार नाही.

तालमीतला_अण्णा
ताई, खाशाबा जाधव आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. ते काय लेग प्रेसवर बसून गेले होते? मातीत जोर-बैठका मारूनच गेले.

लोखंडी_पाय
अण्णा, मान आहे, पण खाशाबा कुस्ती खेळायला गेले होते, कास चढायला नाही. दोनशे बैठकांनी दमसास वाढतो, जास्तीत जास्त ताकद नाही. वजन तेवढंच राहिलं की शरीर सवय करून घेतं. ताकदीला वजन वाढवत न्यावं लागतं आणि चार ते दहा वेळातच पाय थांबले पाहिजेत.

तालमीतला_अण्णा
म्हणजे पैलवानाला ताकद नसते? वा! ये एकदा तालमीत, खांदा लावून बघ.

कृष्णाकाठचा_सांगलीकर
तालमीचा विषय निघाला आणि सांगलीचं नाव नाही? हिंदकेसरी मारुती माने आमच्या कवठेपिरानचे. आणि ते काही फक्त बैठका मारून झाले नाहीत, जोडीला रोजची लढत असायची. समोर माणूस उचलायचा म्हणजे वजनच की ते. तेव्हा अण्णाही बरोबर आणि लोखंडी पायही बरोबर. चुकलाय तो फक्त कॅसेटवाला.

घाटातला_गडी
सांगलीकरांनी चढावर बोलू नये. तुमचा सगळ्यात मोठा घाट म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल.

कृष्णाकाठचा_सांगलीकर
आमच्या दंडोबाच्या डोंगराला ये एकदा मे महिन्यात. साताऱ्याच्या थंड हवेत कुणीही चढतंय. वाऱ्याच्या तोंडावर सपाटीला तासभर मारायला काय लागतं ते तुम्हा उताराच्या लोकांना कळायचं नाही.

फुलांच्या_सीझनचा_वैरी
तुमचं चालू द्या, पण सप्टेंबरात कासच्या रस्त्यावर मोटारींमुळं सायकल चालवायला जागाच नसते, त्यावर कुणी बोलणार आहे का? मागून हॉर्न, पुढं सेल्फी. कॅडन्स ५२ असो की ६३, मी गटारातच असतो.

तालमीतला_अण्णा
बैठकांचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

फिजिओ_ताई
मिळेल अण्णा. तालमीत वाढलेल्यांना बैठका चालतात, हे मी मान्य करते. खुर्चीत वाढलेल्यांना नाही. आणि हे मान्य करायला मला अजिबात आवडलेलं नाही.

आता कॅसेटवाल्यांनाही सांगते, नाहीतर उगाच नाचाल. गुडघा पुढून दुखतो म्हणून येणाऱ्यांत गिअर न बदलता बरे झालेले मी बरेच पाहिलेत. सीट खाली असते. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत हा आपल्याकडचा हट्ट, त्यातून गुडघा सतत जास्त दुमडलेला राहतो आणि वाटीवर दाब येतो. टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली, पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. सुरुवातीला एवढं पुरे. फार वर घेतलीत तर गुडघा मागून दुखेल आणि कंबर डावी-उजवी हलेल. त्या चुलतभावाची सीट कुणी बघितली होती का?

घाटातला_गडी
नव्हती बघितली. पण म्हणून जड गिअर निर्दोष सुटत नाही.

फिजिओ_ताई
सुटत नाहीच. कमी कॅडन्स आणि खाली सीट एकत्र आली की गुडघ्याचं काही खरं नाही. तसंच लोखंडी पाय यांचं वजन उचलणंही चूक नाही, चाळिशीनंतर तर हवंच, सायकलनं हाडांवर भार फारसा येत नाही. फक्त आदल्या दिवशी स्क्वॉट मारून दुसऱ्या दिवशी घाटात आलात की पाय शिशाचे होणार, आणि मग तुम्ही गिअरला शिव्या देणार.

लोखंडी_पाय
चला, कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. अर्धं का होईना.

स्पोक_टाइट
मी मेकॅनिक आहे, गडी आणि लोखंडी पाय, दोघांच्याही सायकली माझ्या हाताखालून गेल्यात, म्हणून इतका वेळ गप्प होतो. कॅसेट बदला म्हणणं सोपं आहे. आठ, नऊ, दहा स्पीडच्या कॅसेट एकाच फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) बसतात, तिथं अडचण नाही. अडचण डिरेल्युअरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या यंत्राची. त्याचा केज, म्हणजे खाली लोंबणारी चौकट, आखूड असेल तर कॅसेटची मोठी चकती वरच्या जॉकी व्हीलला (केजमधल्या छोट्या चाकाला) घासते. ते अंतर वाढवणारा बी-स्क्रू कितीही पिळा. ३४ साठी लाँग केज लागतो आणि चेन लांब लागते. चेन पुढच्या मोठ्या चकतीवरून मागच्या मोठ्या चकतीवर, डिरेल्युअर सोडून गुंडाळायची आणि वर दोन कड्या. जुनीच चेन ठेवून ३४ बसवलेली एक सायकल आली होती माझ्याकडं. पुढं-मागं दोन्हीकडं मोठी चकती टाकल्याबरोबर डिरेल्युअर हँगरसकट (फ्रेमला तो अडकवायची पट्टी) वर गेला होता. दुकानदारानं ‘बसतंय की’ म्हणून दिलेली.

कृष्णाकाठचा_सांगलीकर
आणि दुसरा प्रकार म्हणजे ‘बसतच नाही, नवी सायकल घ्या’ म्हणणारे. मला असाच एक भेटला. नुसता केज बदलायचा होता, पंचवीस हजाराचं मॉडेल पुढं केलं.

लोखंडी_पाय
बरं, सगळ्यांच्या समाधानासाठी ३२ ची घालतो. ३४ नाही. काही स्वाभिमान आहे की नाही?

घाटातला_गडी
घाल घाल. ३२ म्हणजे तरुणांचे लाड.

स्पोक_टाइट
@लोखंडी_पाय तुझ्या सायकलीचा केज आखूड आहे, तीसच्या वर जाणार नाही. त्यात हँगर आत वाकलाय, मागच्या वेळी सांगितलं होतं, तू म्हणालास ‘चालतंय’. रविवारी दुपारनंतर घेऊन ये, सकाळी मी ठोसेघरला असतो.