घरून कॉलसाठी वायरचा स्पीकरफोन: जॅब्रा की पॉली?

ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लूटूथ बंद करून ठेवलंय आणि वेगळं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही. म्हणून यूएसबीला जोडला की लगेच चालणारा स्पीकरफोन (टेबलावर ठेवायचा, माइक आणि स्पीकर एकत्र असलेला) हवाय. कॉल मायक्रोसॉफ्ट टीम्सवर, खोलीत मी एकटाच. हेडसेट कृपया सुचवू नका, चष्म्याच्या काड्यांवर दाब येऊन कानामागे ठणकतं.

लॅपटॉपच्या माइकमधून पंख्याची घरघर जाते. एक स्वस्तातला स्पीकरफोन आणून पाहिला. त्याचा त्रास वेगळाच: समोरचा बोलत असताना मी नुसतं ‘हो’ म्हटलं तरी त्याचं वाक्य मधेच तुटतं. पोर्ट बदलला, माइकची पातळी कमी केली, उघड्या भिंतींचा घुमारा म्हणून जाड पडदे लावले, घरच्या लॅपटॉपवरही लावून बघितला. फरक शून्य. म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वेळी त्याला झेपत नाही, असंच मला वाटतं. माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, गाण्यांचा दर्जा कसाही चालेल.

बजेट 12 हजारांपर्यंत. जॅब्रा स्पीक2 40 आणि पॉली सिंक 20 हे दोन डोळ्यासमोर आहेत. सिंकमध्ये ब्लूटूथ आहे, पण तो वायरनेही चालतो.

यातला एखादा कुणी रोज वापरतंय का? डोक्यावर पंखा चालू असताना, दोघं एकदम बोलले तर समोरच्याला माझे शब्द पूर्ण ऐकू जातात का? आणि त्यावरचं म्यूटचं बटण दाबलं की टीम्समध्येही म्यूट दिसतं का?