हरभऱ्याचा आरएनए-सेक डेटा, ८ जीबीचा लॅपटॉप: कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

रानजाई
नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष, विषय हरभऱ्याचा मर रोग. जेजी ६२ (रोगाला बळी पडणारा) आणि डब्ल्यूआर ३१५ (प्रतिकारक) या वाणांच्या मुळांचे आरएनए-सेकचे (कोणता जीन किती चालू आहे ते मोजायचे) १२ नमुने आहेत: लागण आणि कंट्रोल (लागण न केलेले), प्रत्येकी ३ रेप्लिकेट (स्वतंत्र पुनरावृत्ती). काल फास्टक्यू फाइली (वाचलेले आरएनएचे तुकडे, म्हणजे रीड) हातात आल्या. सगळे म्हणतात स्टार वापर (रीड जीनोमवर कुठे बसतात ते शोधणारं सॉफ्टवेअर). ८ जीबी रॅमवर चालेल? आर (आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा) जेमतेम येतं.

खलबत्ता
स्टार उत्तम आहे, पण माणसाच्या जीनोमला त्याला ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. हरभऱ्याचा जीनोम साधारण ७४ कोटी बेसचा, म्हणजे माणसाच्या पाव. तरी तुमचा लॅपटॉप धापा टाकेल. सॅल्मन घ्या. ते रीड अख्ख्या जीनोमऐवजी थेट ट्रान्सक्रिप्टच्या (जीनवरून बनणाऱ्या आरएनएच्या) यादीशी ताडतं. पुढे टीएक्सइम्पोर्ट (सॅल्मनचे आकडे आरमध्ये आणायला), मग डीईसेक२ (कोणत्या जीनमध्ये फरक पडला ते तपासायला). त्याला काउंट्स (जीनला मिळालेल्या रीडची संख्या) द्या, टीपीएम (लांबी आणि एकूण रीडनुसार बदललेले आकडे) अजिबात नको. आणि सगळ्यात आधी फास्टक्यूसीने रीडची गुणवत्ता बघा.

करवंद
गॅलक्सी हे विश्लेषणाचं व्यासपीठही बघा. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, सोबतचे धडे फार छान आहेत. मी तिथेच शिकले.

माळरान
ताई, सॉफ्टवेअर थोडं बाजूला ठेवा. आरएनए कोणत्या दिवशी काढला?

रानजाई
कंट्रोलचे सहा सोमवारी, लागणीचे सहा गुरुवारी. एका दिवसात बारा झेपत नव्हते.

माळरान
मग जपून. लागण आणि दिवस एकमेकांत असे गुंतलेत की ‘लागणीमुळे हे जीन वाढले’ असं ठामपणे म्हणता येणार नाही. कुठलंही सॉफ्टवेअर हे वेगळं करून देणार नाही. पण खचू नका. तुमचा खरा प्रश्न काय आहे? प्रतिकारक वाणाचा प्रतिसाद दुसऱ्यापेक्षा वेगळा कुठे पडतो, हाच ना? दोन्ही वाण दोन्ही दिवशी होते. दिवसाचा परिणाम दोघांवर सारखाच झाला असं धरलं, तर फरकातल्या फरकात तो वजा होतो. म्हणून डीईसेक२च्या डिझाइनमध्ये वाण, लागण आणि त्या दोघांचं इंटरॅक्शन (लागणीचा परिणाम वाणानुसार बदलतो का) घाला, आणि निष्कर्ष इंटरॅक्शनवरच काढा. ३ रेप्लिकेटवर मोठे फरकच दिसतील, बारीक सुटतील.

आधी पीसीए प्लॉट (कोणते नमुने एकमेकांसारखे आहेत ते दाखवणारा आलेख) काढून इथे टाका, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर तिथेच कळेल. शेवटी निवडक जीन नव्या रोपांवर क्यूपीसीआरने (एकेका जीनचा आरएनए वेगळ्या पद्धतीने मोजून) तपासा. या वेळी दर दिवशी दोन्ही वाणांचे कंट्रोल आणि लागण मिसळून घ्या.

रानजाई
पीसीए उद्या रात्री टाकते. कुंड्या आजच भरायला घेते.