एकाच अंड्यातून राणी आणि कामकरी: एपिजेनेटिक्सबद्दल एक शंका

जावळीकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमच्या रानात सातेरी या आपल्या देशी मधमाशीच्या अकरा पेट्या आहेत. यंदा जांभूळ फुलावर असताना एका पेटीत फ्रेम परत बसवताना माझ्याच हातून राणी चिरडली गेली. पाचव्या दिवशी सकाळी पेटी उघडली, तेव्हा कामकरी माश्यांनी पोळ्याच्या मधल्या भागातलीच काही साधी घरे रुंद करून, खाली वाकवून सहा राणीघरे केलेली दिसली. त्यांतली चार बंद झाली होती आणि दोन उघडी होती. उघड्या घरांपैकी एकात डोकावलो, तर पांढऱ्या राजान्नाच्या (रॉयल जेली, राणीच्या अळीला भरवतात ते अन्न) थरावर बारीकशी अळी वळसा घालून पडलेली होती. ते घर पोळ्याच्या तुकड्यासकट कापून मी राणी नसलेल्या दुसऱ्या पेटीत बांधले.

मूळ पेटीत दहाव्या दिवशीच राणी बाहेर आली, पण ती इतकी लहान होती की कामकऱ्यांच्या घोळक्यात शोधावी लागली. पुढे तिचे अंडी घालणेही विरळच राहिले. दुसऱ्या पेटीतली राणी मात्र तेराव्या दिवशी निघाली आणि चांगली लांब पोटाची, भरदार आहे. दोघी एकाच आईच्या अंड्यांतून आल्या, दोघींना राजान्न मिळाले, मग हा फरक कशाचा? माझी मुलगी साताऱ्यात बी.एस्सी. करते. ती म्हणते की हे एपिजेनेटिक्स आहे, अन्नाने जनुके बदलतात. हे खरे मानायचे का?

कृष्णाकाठ (सांगली)

जावळीकर, आपण तारखा नोंदवून ठेवल्यामुळे उत्तर सोपे झाले आहे. मी प्राणिशास्त्र शिकवतो. पेट्यांचा अनुभव आपल्याइतका नाही, हे आधीच सांगतो.

राणी अंड्यापासून साधारण 15 ते 16 दिवसांत तयार होते. त्यांतले पहिले तीन दिवस अंड्याचे, पुढचे सुमारे पाच दिवस अळीचे आणि उरलेले बंद घरातले. आता उलटा हिशोब करा. तेराव्या दिवशी निघालेली राणी, आई मेली त्या दिवशी अंड्यातून नुकतीच बाहेर येत होती किंवा यायच्या बेतात होती. दहाव्या दिवशी निघालेली मात्र त्या वेळी दोन-तीन दिवसांची अळी होती, म्हणजे तिची वाढ कामकरीच्या वाटेने बरीच पुढे गेल्यावर तिला राणीच्या वाटेवर वळवले गेले. वळण घेता आले, पण पूर्ण नाही. अशा राणीच्या अंडाशयात अंडनलिका, म्हणजे अंडी तयार करणाऱ्या नळ्या, कमी राहतात आणि शुक्राणू साठवण्याची पिशवीही लहान राहते. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीत चांगल्या राणीच्या एकेका अंडाशयात 150 हून अधिक नलिका असतात, कामकरीच्या अंडाशयात बहुधा दहाच्या आतबाहेर. आपली पहिली राणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी अडकली आहे.

राजान्न दोघींनाच मिळाले असे नाही. पहिले काही दिवस दाई माश्या कामकरी होणाऱ्या अळ्यांनाही डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारे पांढरे अन्नच भरवतात. मात्र ते मोजून-मापून असते, त्यात साखर कमी असते, आणि नंतर त्यात मध व पराग मिसळू लागतात. राणीच्या अळीला पहिल्यापासून शेवटपर्यंत अन्नात लोळायला मिळते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलिफेरावरील प्रयोगांत तर अन्नाच्या प्रकारापेक्षा त्याचे प्रमाणच निर्णायक ठरताना दिसले. भरपूर अन्न मिळालेल्या अळीच्या शरीरात बाल-संप्रेरकाची (कीटकांची वाढ नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकाची) पातळी चढते आणि अंडाशयाची वाढ चालू राहते; कामकरीच्या अळीत त्याच नलिकांच्या पेशी मरून जातात.

आता मुलीच्या म्हणण्याकडे वळतो. अन्नाने जनुके बदलत नाहीत. त्यांचा वापर बदलतो, आणि त्यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. सातबाराचे उदाहरण घ्या. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, पण इतर हक्कांत काय नोंदले आहे यावर त्या जमिनीचे पुढे काय करता येईल हे ठरते. डीएनएवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या अशाच नोंदी होतात (यालाच मिथायलेशन म्हणतात), आणि त्या करणारी विकरे मधमाशीत आहेत हे 2006 मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा स्पष्ट झाले. फळमाशीत ही यंत्रणा जवळजवळ नाहीच. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नुकत्याच निघालेल्या अळ्यांमध्ये नव्या नोंदी करणारे Dnmt3 हे जनुक, म्हणजे डीएनएमटी-तीन, दाबून टाकले, तेव्हा बहुसंख्य अळ्या राणीसारख्या, वाढलेल्या अंडाशयाच्या निघाल्या. 2017 मधले एक काम तर थेट आपल्या दोन पेट्यांना लागू पडते. अळी जितक्या जास्त वयाची घेऊन राणी वाढवली, तितका तिच्या मिथायलेशनमधला फरक वाढत गेलेला दिसला.

एक भाषेची गोष्ट. या विषयावर मराठीत लिहिताना राणी आणि कामकरी यांना सर्रास ‘जाती’ म्हटले जाते, ते मला खटकते. आपल्याकडे जात जन्माने चिकटते. इथे तर अंड्यातून बाहेर आल्यावरही दोन-तीन दिवस काही ठरलेले नसते. मी ‘रूपे’ म्हणतो.

डाळिंबपट्टा (जत)

सरांचे म्हणणे अनुभवाला धरून आहे. आमच्याकडे डाळिंबाच्या बागांसाठी मेलिफेराच्या पेट्या असतात. राणी गेली की चौथ्या दिवशी सकाळी पेटी उघडायची आणि तोवर बंद झालेली राणीघरे मोडून टाकायची, कारण इतक्या लवकर बंद झालेले घर मोठ्या अळीचेच असते. उघडी ठेवायची. जीवावर येते, पण नाही मोडली तर तीच राणी आधी निघते आणि बाकीची घरे कुरतडून आतल्या राण्या मारते. सातेरीत आणखी एक घाई असते, ती जावळीकरांना ठाऊक असेलच: राणीविना राहिल्यास कामकरी माश्या लवकर अंडी घालू लागतात आणि मग पोळ्यात नुसते नर भरतात.

नवखा मधपाळ (कराड)

मग हा सगळा मिथायलेशनचाच खेळ म्हणायचा का? आणि राजान्नाच्या कॅप्सूल घेतल्याने माणसाचे आयुष्य वाढते अशी जाहिरात पाहिली, तिच्यात तथ्य आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

दोन्हींना नाही म्हणतो, पण पहिले जरा जपून.

मधमाशीच्या डीएनएवर या नोंदी फारच थोड्या असतात, सायटोसिन या डीएनएच्या घटकाच्या शंभरात एकापेक्षाही कमी जागांवर, आणि त्या मुख्यतः जनुकाच्या आतल्या भागात असतात. एकाच जनुकापासून प्रथिनाची कोणती आवृत्ती बनावी याच्याशी त्यांचा संबंध दिसतो. बटण चालू-बंद करण्याइतके ते सरळ नाही. शिवाय पोलिस्टेस या गांधीलमाशीत डीएनएमटी-तीन जनुकच नाही, तरी तिच्या घरट्यात राणी आणि कामकरी असतातच. म्हणून मी मिथायलेशनला या साखळीतली एक कडी मानतो. त्याआधी पोषण, संप्रेरके आणि दाई माश्यांचा निर्णय येतो. सातबाऱ्यावरची नोंद कमी करता येते, तसे इथेही घडते: चारा गोळा करणाऱ्या माश्यांना पुन्हा दाईचे काम करायला लावले, तेव्हा मेंदूतील काही जनुकांवरच्या खुणा दाईसारख्या झाल्याचे 2012 मध्ये दाखवले गेले. राणीचे अंडाशय मात्र असे परत फिरत नाही.

कॅप्सूलचे म्हणाल, तर राजान्नाने राणी होते ती अळी, आणि तीही ठरावीक दोन-तीन दिवसांतच. प्रौढ कामकरीला ते कितीही भरवले तरी ती राणी होत नाही. माणूस तर दूरच राहिला.

जावळीकर

सर्वांचे आभार. दुसऱ्या पेटीतल्या मोठ्या राणीने आता पोळ्याच्या दोन्ही बाजूंना सलग अंडी घातली आहेत. उद्या लहान राणी काढून टाकतो आणि त्या पेटीला मोठीच्या पोळ्यातली कोवळ्या अळ्यांची एक फ्रेम देतो. चौथ्या दिवशी उघडून बंद घरे मोडीन आणि काय दिसते ते इथेच कळवीन.