जुना रंग खरवडताना हवेत शिसं जातं का? प्युरिफायर पुरेसा आहे का?

रुई_०७
दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट खरवडायचं काम काढलंय, रंग किती जुना ते कुणालाच माहीत नाही, आणि घरात दीड वर्षांचं पोर आहे, दिसेल ते तोंडात घालतं. नवरा म्हणतो मास्क लावू, प्युरिफायर चालू ठेवू, झालं. हवेचं अ‍ॅप पण हिरवं दाखवतंय. पण जुन्या रंगात शिसं असतं असं ऐकलंय, मग काळजी करायची की उगाच घाबरतेय मी?

भिंगरी
आधी ते कोरडं घासणं थांबवा, बाकी नंतर बोलू. अ‍ॅप बाहेरच्या हवेतले कण मोजतं, तुमच्या खोलीतले नाही, आणि कणांत शिसं आहे की साधी माती हे त्याला कळतच नाही. रंग शिशाचा असेल तर पॉलिश पेपरने घासल्यावर इतकी बारीक धूळ उडते की काही थेट फुप्फुसात जाते आणि उरलेली जमिनीवर बसते, म्हणजे बरोबर रांगणाऱ्या पोराच्या हाताखाली. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. डब्ल्यूएचओ तर म्हणते सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही. थोडं थोडं जात राहिलं तर बाहेरून काही दिसत नाही, बुद्धी आणि लक्ष लागणं यावर परिणाम होतो तो नंतर कळतो. पोराला आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही काम संपून सफाई होईपर्यंत दुसरीकडे ठेवा. रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, खोलीचं दार बंद. झाडू अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसा. ब्लोटॉर्चने जाळून काढायचा विचार असेल तर तो सोडाच, शिशाचा धूर होतो.

ठिणगी
माझं काम वेल्डिंगचं, म्हणजे धातूचा धूर रोजचाच. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेल्या पत्र्यावर काम केलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो झिंकच्या धुराचा, दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून कोणी मनावर घेत नाही. खरी भीती स्टेनलेस स्टीलच्या धुरातल्या क्रोमियम-सहा (क्रोमियमचं विषारी रूप) आणि निकेलची, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि मँगनीज वर्षानुवर्षं गेलं तर हात थरथरणं, चाल बिघडणं असा पार्किन्सनसारखा प्रकार होतो. आणि हो, कामाचे कपडे बाहेरच काढा, घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

मस्त_मौला
एवढं टेन्शन कशाला, डिटॉक्स ड्रॉप्स मिळतात, धातू सगळे लघवीवाटे निघून जातात

भिंगरी
@मस्त_मौला शिसं हाडांत जाऊन बसतं, कॅडमियम हा तसाच विषारी धातू मूत्रपिंडात, तिथून निम्मं कमी व्हायलाच १० ते ३० वर्षं जातात. ड्रॉप्सने काय निघणार? धातू खेचणारी खरी औषधं असतात पण ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच, नाहीतर मूत्रपिंडाचं वाटोळं. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर कॅडमियम तिथूनच येतंय, आधी ते बघा.

वाटसरू
बाहेरचं पण सांगतो. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं जगात सगळीकडे बंद झालं ते २०२१ मध्ये, शेवटचा देश अल्जीरिया. पण आधीच्या धुरातलं शिसं मातीत तसंच पडून आहे, धुळीबरोबर उडतं, चपलांना लागून घरात येतं. शिवाय कोळशाची वीजकेंद्रं, धातू गाळायचे कारखाने, जुन्या बॅटऱ्या फोडणं, कचरा जाळणं. कणांवर बसलेला धातू प्युरिफायरचा हेपा फिल्टर पकडतो, पाऱ्याची वाफ नाही पकडत. थर्मामीटर फुटलं तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि व्हॅक्युम तर चुकूनही फिरवू नका, आणखी पसरतो. गिळलेल्या पाऱ्यापेक्षा श्वासातून गेलेली वाफ कितीतरी जास्त वाईट, जवळजवळ ८० टक्के शरीरातच राहते.

रुई_०७
काम थांबवलं. एक दार आधीच घासून झालंय पण, पोर घरातच होतं तेव्हा. रक्त तपासू का?

भिंगरी
हो, बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं शिसं बघून घ्या, लक्षणांची वाट बघू नका. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी लहान मुलांत डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमपासून पुढे लक्ष द्यायला सांगते. रक्तात मुख्यतः अलीकडचंच दिसतं, म्हणून उशीर नको. त्या खोलीतली खेळणी धुऊन काढा, आणि बाकीची दारं घासण्याआधी रंगाचा एक तुकडा लॅबला द्या, शिसं नसेल तर निदान अर्धी धावपळ वाचेल.