नशा, अंमल, गुंगी, भास: धोतऱ्यासाठी नेमका शब्द कोणता?

मूळ प्रश्न

विषबाधेवरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मनावर आणि संवेदनांवर परिणाम करणारी वनस्पतींमधली रसायनं हा विषय आहे. धोतऱ्याच्या परिच्छेदात मी लिहिलं, ‘बिया खाल्ल्यास नशा चढते व भास होतात.’ तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘नशा’भोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘ही नशा नाही.’ मग ‘अंमल चढतो’ असं केलं, तेही परत आलं. ‘गुंगी येते’ केलं, तर शेरा आला, ‘गुंगी कसली? रुग्णाला दोघांनी धरून ठेवावं लागतं.’

शब्दकोशात या सगळ्या शब्दांचे अर्थ एकमेकांकडेच बोट दाखवतात. नशा म्हणजे कैफ, कैफ म्हणजे धुंदी, धुंदी म्हणजे नशा. रोजच्या वापरात यांच्यात फरक आहे हे कानाला कळतं, पण नेमका कुठे ते सांगता येत नाही. कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

डॉक्टरांचा आग्रह मला पटतो. नामांपेक्षा या शब्दांना जोडून येणारी क्रियापदं पाहा, वाट तिथून सापडते.

नशा चढते आणि उतरते. आणि मुख्य म्हणजे नशा ‘केली’ जाते. माणूस ती मागून घेतो, म्हणून त्या शब्दात सुखाची अपेक्षा आधीच बसलेली आहे. धोतरा चुकून खाल्लेल्या मुलाबद्दल ‘नशा चढली’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात झिंगलेला माणूस उभा राहतो. ‘मादक’चंही तेच. मद या धातूतून मद्य, उन्माद, प्रमाद असे कितीतरी शब्द निघाले, पण आजच्या मराठीत मादक म्हणजे ओढ लावणारं. इशारा द्यायच्या पत्रकात तो शब्द नकोच.

अंमल हा मला या सगळ्यांत देखणा शब्द वाटतो. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे कृती, कामकाज. मराठीत त्याचा अर्थ सत्ता असा झाला, आणि राजाचा अंमल बसतो तसा औषधाचाही बसू लागला. त्यामुळे अंमलात एक व्यवस्था आहे: पदार्थ आत आला, त्याने ताबा घेतला, त्याची मुदत संपली, तो गेला. भूल दिली जाते तेव्हा ‘अजून औषधाचा अंमल आहे’ हे वाक्य अचूक असतं. धोतऱ्याने मात्र राज्य येत नाही, बंडाळी माजते.

गुंगी, पेंग, झापड हे शब्द अफूच्या घरातले. अफूच्या चिकातलं मॉर्फिन मज्जासंस्थेला मंद करतं, श्वास संथ होतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. १९व्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने ते वेगळं काढलं आणि मॉर्फियस या स्वप्नदेवतेचं नाव त्याला दिलं. म्हणजे तिकडेही झोपच आठवली. धोतऱ्याची बाधा झालेल्याच्या बाहुल्या याच्या उलट, मोठ्या आणि काळ्याभोर, उजेडातही न आकसणाऱ्या. ज्या दोन स्थितींत डोळे इतके वेगळे दिसतात त्यांना एकच शब्द वापरणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

माझ्या मते मराठीने इथे एक फार मोलाची गोष्ट जपली आहे: ‘शुद्ध’ आणि ‘भान’ हे दोन वेगळे शब्द. शुद्ध हरपली म्हणजे माणूस पडला, हाकेला ओ देत नाही. भान हरपलं म्हणजे तो जागा आहे, चालतो आहे, बोलतोही आहे, पण कुठे आहोत आणि समोर कोण आहे हे त्याला कळत नाही. अफू जास्त झाली तर शुद्ध जाते. धोतऱ्याने बहुधा आधी भान जातं. हे दोन शब्द हाताशी असताना ‘नशा’कडे जायचं कारण नाही.

प्रतिसाद

वरच्यात भर घालते. जुन्या बोलीत तापात बरळणाऱ्याला ‘वात झाला’ म्हणायचे. ‘वातात बडबडतोय’ हे आजही कानावर येतं. धोतऱ्याच्या स्थितीला मला तो शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात ताप, बरळणं आणि भान नसणं तिन्ही येतात. पण ‘वात’ म्हटल्यावर आजचा वाचक सांधे धरेल, म्हणून पत्रकात चालणार नाही. हळहळ वाटते.

संस्कृतने तर झाडालाच परिणामाचं नाव दिलं होतं. अमरकोशात धत्तूराच्या नावांत उन्मत्त, कितव आणि धूर्त ही तिन्ही आहेत. वेडावलेला, जुगारी, लबाड. झाडाला माणसाचे स्वभाव लावलेत खरे, पण ‘उन्मत्त’ म्हणणाऱ्याने रुग्ण डोळ्यांनी पाहिला असणार.

प्रतिसाद

‘सुपारी लागली’ हा प्रयोग कुणीच काढला नाही! ‘तंबाखू लागली’ही तसाच. इथे माणूस काही करत नाही, पदार्थच करतो. कानशिलं तापतात, कपाळावर दरदरून घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं, छाती आवळल्यासारखी होते, घेरी येते. दोन मिनिटं बसून राहावं लागतं. या सगळ्याला मराठीत एकच क्रियापद पुरतं: लागणं. त्यात सुखही नाही आणि दोषारोपही नाही.

यातलं शरीरशास्त्र सुंदर आहे. सुपारीतलं अरेकोलीन मज्जासंस्थेतल्या ज्या ग्राहींना (पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांना) चेतवतं, त्याच मस्करिनी ग्राहींना धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं अडवतात. म्हणून सुपारी लागली की घाम आणि लाळ, आणि धोतऱ्याने बरोबर उलटं: तोंडाला कोरड, कातडी तापलेली पण सुकी, लघवी तुंबलेली. एकच कुलूप, एक किल्ली ते उघडते, दुसरी आत अडकून बसते.

‘धोतरा लागला’ असं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. पण ‘बाधला’ चालेल. बाधणं हे लागण्याचंच गंभीर भावंड आहे.

मूळ प्रश्नकर्ती

‘शुद्ध’ आणि ‘भान’ वाचून हायसं वाटलं. आता उरला ‘भास’. पाठ्यपुस्तकांत इल्युजन, हॅल्युसिनेशन आणि डिल्युजन यांना भ्रम, विभ्रम, संभ्रम असे शब्द दिसतात, पण कुठला कशाला याची पुस्तकागणिक अदलाबदल होते. सामान्य वाचकासाठी ‘भास’ ठेवू का?

प्रतिसाद

ठेवा, पण कर्ता बघून. ‘मला भास झाला’ हे वाक्य कोण बोलतो? ज्याला कळून चुकलंय की ते खरं नव्हतं तो. दाराशी कुणी उभं असल्यासारखं वाटलं, पाहिलं तर कुणी नाही, म्हणून भास. त्या शब्दातच जाग आहे.

पेयोटी नावाच्या निवडुंगातल्या मेस्कॅलिनला हे लागू पडतं. जर्मन औषधशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये ते स्वतःवर आजमावून पाहिलं आणि आपले अनुभव टिपून ठेवले. टिपता आले, कारण भान शाबूत होतं. रंग गडद होतात, मिटल्या डोळ्यांपुढे नक्षी हलते, पण आपण काहीतरी घेतलंय हे सहसा आठवत असतं. १९५६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी अशा द्रव्यांसाठी ‘सायकेडेलिक’ हा शब्द घडवला, त्याचा अर्थ मन उघड करणारं. मराठीत सायकेडेलिकच रूढ आहे आणि ते राहू द्यावं. ओढूनताणून केलेला संस्कृत शब्द कुणाच्या तोंडी बसणार नाही.

धोतऱ्याच्या रुग्णाला भास ‘होत’ नाही. तो समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, त्याचं उत्तर ऐकतो, हवेतून धागे वेचावेत तशी बोटं हलवतो. त्याच्या लेखी ते सगळं आहेच. आणि बरा झाल्यावर यातलं बहुतेक काही त्याला आठवत नाही. भास झाला असं आपण म्हणतो, तो नाही. म्हणून नाम टाळून कृती लिहा. जे बघणाऱ्याला दिसतं तेच.

प्रतिसाद

थोडं विषयाबाहेरचं, पण कैफचा उल्लेख झाला म्हणून. कॅफीन आणि कैफ यांचं नातं लावणारे बरेच भेटतात. ते खरं नाही. कॅफीन आलं कॉफीवरून, कॉफीचं मूळ अरबी ‘कहवा’, आणि कैफ हा अरबीतलाच वेगळा शब्द. परिणामाने पाहिलं तरी कॅफीनने कैफ येत नाही, तरतरी येते. मेंदूला थकव्याचा निरोप देणारं अ‍ॅडेनोसिन जिथे बसायचं ती जागा कॅफीन अडवतं. थकवा जात नाही, फक्त त्याची खबर लागत नाही. ‘तरतरी’ त्याला चपखल, कारण तरतरी वरवरची आणि थोड्या वेळाची असते.

उलट दिशेने गेलेला एक शब्दही सांगतो. गांजातलं मुख्य द्रव्य, टीएचसी, १९६४ मध्ये मेशुलाम आणि गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी शुद्ध रूपात वेगळं केलं. ते मेंदूत ज्या जागी बसतं तिथे बसणारं शरीराचं स्वतःचं द्रव्य १९९२ मध्ये सापडलं, आणि त्याचं नाव ठेवलं गेलं अनंडामाइड. संस्कृत ‘आनंद’वरून. आपला शब्द थेट रसायनशास्त्राच्या नावात जाऊन बसलाय, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. परिच्छेद असा झाला:

‘धोतऱ्याची बी पोटात गेल्यास विषबाधा होते. तोंडाला कोरड पडते, अंग तापतं पण घाम येत नाही, बाहुल्या मोठ्या होतात, जवळचं स्पष्ट दिसत नाही, छातीत धडधडतं, लघवी तुंबते. माणूस जागा असतो पण भानावर नसतो. समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतून काहीतरी वेचतो, उठून पळू पाहतो. हा परिणाम एक-दोन दिवसही टिकू शकतो. त्याला एकटं सोडू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.’

आज कागद परत आला. ‘भानावर नसतो’ याच्याखाली लाल शाई नाही. ‘लघवी तुंबते’ एवढं मात्र वर घ्यायला सांगितलंय, कारण रुग्णाला ते सांगता येत नाही आणि सोबतच्यांच्या ध्यानात येत नाही.